सव्वा इंच

चाचांचा मला पहिल्यांदा राग आला तो पाण्याच्या ग्लासावरून.

लग्नसराईचे दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, बाहेर नवरदेवाकडच्या दोन जीपा उभ्या, शेठ गल्ल्यावरून डोळे वटारतोय, आणि हा म्हातारा गिऱ्हाइकाला म्हणतो, "बस बेटा. पाणी पे. घाई कायची हाय?" मग तो माणूस स्टुलावर बसून पाणी पितो आणि चाचा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. गळ्यात टेप, हात मांडीवर, नजर रस्त्यावर. मी दुकानात नवा होतो. मला वाटलं, म्हाताऱ्याला काम करायचं नसेल.

"चाचा, माप घ्या ना लवकर. लोक खोळंबले."

"कोणाचं घेऊ? हा अजून जीपमधीच हाय," चाचा म्हणाले. "पाह्य ना, खांदे कानाले लागून राह्यले त्याचे. धक्के खात आला. आत्ता घेतलं तं जीपचं माप होईन, त्याचं नाही."

असली उत्तरं. भांडायचीही सोय नसायची, कारण दहा मिनिटांनी त्या माणसाचे खांदे खरंच खाली आलेले असायचे. मला ते दिसायचं आणि त्यामुळे मी आणखीच चिडायचो.

दुकान नांदुऱ्याचं, रेडिमेड कपड्यांचं. खाली शर्ट-पॅंट आणि वरच्या मजल्यावर नवरदेवाचे कोट. जोधपुरी म्हणा, थ्री-पीस म्हणा, काय हवं ते. चाचा एके काळी याच गावातले कोटाचे मास्टर होते, स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं स्वतःचं दुकान होतं. पुढं लोकांनी कोट शिवून घेणं बंद केलं, चाचांचं शटर पडलं, आणि आमच्या शेठनं त्यांना ट्रायल रूमच्या बाजूला एक खुर्ची दिली. काम एवढंच की माप घ्यायचं, अडतीस नंबर बसेल की चाळीस की बेचाळीस ते सांगायचं, आणि कुठं उसवायचं-दाबायचं असेल ते करून द्यायचं. ज्या माणसानं जन्मभर ताग्यातून कोट काढले त्यानं आता हॅंगरवरून कोट काढून द्यायचा. मी असतो तर ती खुर्ची फेकून घरी गेलो असतो. चाचा रोज सकाळी रुमालानं तिच्यावरची धूळ झटकायचे आणि बसायचे.

माप मोठ्यानं बोलायचं ही त्यांची जुनी रीत. पोरवयात ज्या उस्तादाकडे शिकले त्यानं ती लावलेली. उस्ताद एका टोकाला कापायला बसायचा, दुसऱ्या टोकाला हे माप घ्यायचे, मधे सात-आठ मशिनींचा खडखडाट. आवाज बारीक आला की उस्ताद बोटांवर लाकडी पट्टी हाणायचा. आता ना मशिनी होत्या ना उस्ताद, पण चाचांचा हात आणि जीभ बरोबरच चालायची. टेप छातीवरून फिरला की तोंडातून आकडा बाहेर. आणि नुसता आकडा नव्हे. "छाती अडतीस. पोट चाळीस, समोर आलेलं. पाठीत बाक. उजवा खांदा पाऊण इंच खाली." माणसाच्या अंगात जे जे म्हणून वाकडं असेल ते सगळं, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात. मी बाजूला उभा राहून पॅडवर लिहून घ्यायचो. तीन वर्षं मी हेच केलं. तालुक्यातल्या निम्म्या नवरदेवांचे बाक आणि पोटं माझ्या अक्षरात आहेत.

एकदा एक पुढारी आला, मागं दोन कार्यकर्ते. "चाळीसचा दाखव रे," म्हणाला. चाचांनी टेप लावला. "छाती बेचाळीस. पोट सेहेचाळीस, लोंबलेलं." कार्यकर्ते खुसखुसले. पुढाऱ्याचं तोंड लालबुंद. "मास्टर, हळू बोला ना जरा."

"मी हळू बोलतो साहेब," चाचा म्हणाले, "पण बटण कसं गप बसन?"

गेला तो तसाच, कोट न घेता. शेठ कपाळाला हात लावून बसला. मी मात्र ट्रायल रूममध्ये जाऊन पोटभर हसून घेतलं, खोटं कशाला सांगू.

आरशाशी त्यांचं वैर होतं. कोट अंगावर चढवला की माणसाला ते भिंतीकडे तोंड करून उभं करायचे. नवरदेव बिचारा मान वळवून वळवून आरसा शोधायचा. "आरशासमोर माणूस पोट आत घेते, मान ताठ करते," चाचा म्हणायचे. "मंडपात चार घंटे श्वास धरून उभा राहशीन का बे?" आणि कोणी घरून जुना शर्ट आणून म्हणालं की याच्यावरूनच नंबर सांगा, तर संपलंच. "लगन तुहं हाय का शर्टाचं? ज्याचं हाय त्याले घेऊन ये."

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मग तो जानेफळचा माणूस आला. चाळिशीचा, शेतकरी, धाकट्या भावाच्या लग्नासाठी कोट हवा होता. चाचांनी त्याला पाणी दिलं, आणि टेप लावायच्या आधी त्यांची नजर त्याच्या कमरेच्या पट्ट्यावर गेली. पट्ट्याचं एक भोक वापरून वापरून लांबट झालेलं होतं. बक्कल मात्र त्याच्या कितीतरी आत, खिळ्यानं नुकत्याच पाडलेल्या भोकात अडकवलेलं.

"घरातलं कोण गेलं बेटा?"

त्याची आई गेली होती, महिन्याभरापूर्वी. तिथंच ट्रायल रूमच्या दारात बसून तो रडला, मोठ्यानं, लाजबीज सोडून. चाचा त्याच्या बाजूला खाली बसले. त्यांनी त्याला कोट दिला नाही. म्हणाले, "आत्ता घेशीन तं दोन महिन्यात गच्च होईन. पहिले जेवाले लाग. मंग ये." शेठ रात्री दुकान बंद करताना मला म्हणाला, "हा म्हातारा दुकान चालवाले ठेवला का मी बंद पाडाले?" पण दोन महिन्यांनी तो माणूस आपलं अख्खं खटलं घेऊन आला, भावाचं, चुलतभावांचं, सगळ्यांचं माप चाचांकडूनच पाहिजे म्हणून हटून बसला, आणि शेठ पुन्हा तसलं काही बोलला नाही. नांदुऱ्याच्या मास्टरनं आकडा सांगितला म्हणजे विषय संपला, असं पार दुसरबीडपर्यंत लोक म्हणायचे. चाचांकडे दुसरं होतंच काय? दुकान गेलं होतं, बायको गेली होती, मुलगी लांब दिली होती. ह्यांचा आकडा खोटा नसतो, एवढं एक नाव राहिलं होतं.

ते मी घालवलं. मी, दुसऱ्या कोणी नाही.

लहानपणी मी बैलगाडीवरून पडलो. गावातल्या एकानं डावा खांदा बांधून दिला, आणि हाड बसलं ते खालीच बसलं. हाताला काही कमी नाही, पोतं उचलतो. पण दिसतं. कॉलेजात मी शर्टाच्या आत डाव्या खांद्यावर रुमालाची घडी ठेवायला लागलो, आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं गुपित म्हणजे ती घडी. आईलासुद्धा त्यावर बोलायची बंदी होती. त्यात आमच्याकडं लग्नाचं काय झालंय ते तुम्हाला ठाऊकच असेल. मुलीच्या बापाला सरकारी नोकरी पाहिजे, नाहीतर पुण्यात फ्लॅट पाहिजे. आपल्याकडं कपड्याच्या दुकानातला पगार. तेहतिसावं लागलं तोवर मी किती घरचे पोहे खाल्ले ते विचारू नका. पोहे हसून वाढायचे, आणि चार दिवसांनी फोन उचलायचे नाहीत.

अशात दुसरबीडकडचं एक स्थळ हो म्हणालं. मुलगी शिकलेली, शांत, बघायला गेलो तेव्हा तिनं मला दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही उत्तरं नीट ऐकून घेतली. आई त्या दिवशी घरी येऊन देवापुढं बसून राहिली, उठेचना.

आमच्या भागात साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, नवरदेवाचे कपडे मुलीकडचे करतात. त्यांच्यात तर मुलीचा बाप स्वतः समोर उभा राहून माप घेववतो, अशी रीत. त्यांनी निरोप धाडला की माप तुमच्याच दुकानात घेऊ, तुमच्याकडं तर मास्टरच आहेत. शेठ खूश झाला. मला घाम फुटला. चाचा माप घेणार, माझ्या सासऱ्यासमोर, आणि मोठ्यानं बोलणार.

आदल्या दिवशी दुपारी जिन्याच्या पायरीवर आम्ही चहा घेत बसलो होतो.

"चाचा, उद्या माहं माप हाय."

"मालूम हाय."

"माह्या खांद्याचं..."

"डावा. सव्वा इंच," चाचा म्हणाले आणि चहाचा घोट घेतला. "तू दुकानात आला त्याच दिवशी पाह्यलं मी. रुमाल ठेवतो ते बी मालूम हाय. पांढऱ्या शर्टात निळा नको ठेवत जाऊ, दिसते."

तीन वर्षं! पुढाऱ्याचं पोट चव्हाट्यावर मांडणारा हा माणूस तीन वर्षं माझ्या खांद्याबद्दल अवाक्षर बोलला नव्हता. मला भरून आलं. आणि त्याच दमात राग आला, की मग मी कोणासाठी रोज सकाळी घड्या घालत होतो?

"उद्या म्हणू नका, चाचा."

"मी म्हणत नाही बेटा, ते निघते तोंडातून."

"मंग दोन्ही खांदे सारखे म्हणा."

चाचांनी कप खाली ठेवला. "खोटं माप सांगू?"

"एकच खेप."

"कधी सांगतलं नाही रे."

"तुमचं काय जाते?" मी ओरडलोच. "माहं लगन मोडन उद्या. तुमचं काय जाते त्याच्यात?"

बोललो मी हे. जीभ झडली नाही माझी. चाचांनी माझ्याकडं पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, "त्यायले सांगून तं पाह्य. समदेच लोक खराब नसतात."

"तुम्ही गेलते का चाचा या जमान्यात पोरगी पाहाले? मंग नका शिकवू मले."

ते उठले, दोघांचे कप विसळले आणि वर निघून गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुलीचा बाप आणि भाऊ आले. बाप बारकुडा, टोपीवाला, कमी बोलणारा. चाचांनी सगळ्यांना पाणी दिलं, मलाही दिलं, आणि स्टुलावर बसवलं. त्या दिवशी मात्र माझे खांदे काही केल्या खाली येईनात. शेवटी मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. लिहिणारा मीच, आणि मीच मापाला उभा, म्हणून पॅड मुलीच्या भावानं घेतला.

"छाती अडतीस. कमर बत्तीस. पाठ सरळ." चाचांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत. मग त्यांचं बोट उजव्या खांद्याच्या हाडावर टेकलं. मग डाव्या. तिथं ते थांबलं. मी डोळे मिटून घेतले.

"खांदे... दोन्ही बराबर."

इतक्या हळू बोलले की भावाला ऐकूच गेलं नाही. "काय म्हणलं मास्टर?"

एकदा सांगून भागलं नाही बघा. पुन्हा सांगावं लागलं, आणि मोठ्यानं. "दोन्ही बराबर!" चाचा जवळजवळ ओरडले. सगळा मजला आमच्याकडं बघायला लागला. मी डोळे उघडले आणि मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की त्यांच्या तोंडाकडं बघायचं मला सुचलंसुद्धा नाही.

माझा हिशेब सोपा होता. आता हे अडतीसचा कोट पसंत करतील, चाचा कोपऱ्यात बसून डावी बाजू गुपचूप दाबून देतील, कोणाला काही कळणार नाही. पण सासऱ्यानं भावाच्या हातून तो कागद घेतला, नीट चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

"रेडिमेड नाही घेत आम्ही. कापड घेऊन ठेवेल हाय, आमच्या गावचा टेलर शिवते. मास्टरचं माप पाहिजे होतं, ते भेटलं."

चाचा खुर्चीवरून उठून उभे राहिले. "पावणे, कच्चा शिवून झाला की एकदा माह्याकडं आणा. अंगावर घालून पाहू."

"नवरदेवाचा कपडा आधी अंगाले लावत नाहीत आमच्यात. थेट साक्षगंधाले." सासरा हसला. "आणि तुमच्या मापाले कच्चा पाहाची काय गरज हाय, मास्टर?"

ते जिना उतरून गेले. चाचांनी माझा दंड धरला. "जा. एसटी सुटली नसंन अजून. सांगून ये त्यायले."

मी गेलो नाही. त्यानंतर पंधरा दिवस चाचा रोज सकाळी मला एकच म्हणायचे, "फोन कर." मी म्हणायचो, "करतो." त्या पंधरा दिवसांत ते गिऱ्हाइकाच्या अंगावरून टेप दोनदोनदा फिरवायला लागले. आकडा बोलायचे आणि मला विचारायचे, "किती म्हणलो मी?" मला त्यांचा कंटाळा यायचा. काय म्हणू मी मला!

साक्षगंध भर मे महिन्यात, त्यांच्या गावी, दुपारी अकराच्या मुहूर्तावर. मी चाचांनाही जीपमध्ये घातलं होतं, दुकानातले म्हणून. मंडपात ते तिसऱ्या रांगेत बसले. मुलीच्या भावानं सगळ्यांसमोर कोट धरला आणि मी मागं हात नेऊन बाह्यांत घातले. त्या ओढाताणीत घामानं चिकटलेला रुमाल खांद्यावरून निसटला तो सरळ पोटाशी येऊन बसला. डावी बाही पार बोटांच्या पेरांपर्यंत लोंबली. खांद्यावर कापडाचा झोळ पडला. कॉलर मानेपासून सुटून एकीकडं गेली. पोरी हसल्या.

सासरा उठला आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्यांच्या टेलरवर धावला. "काय करून ठेवलं बे हे? बोललो होतो ना तुले, कागदातला एक धागा इकडचा तिकडं करू नको म्हणून?"

टेलर कोवळा माणूस, नवंनवं दुकान टाकलेला. रडकुंडीला आला तो. खिशातून कागद काढून त्यानं सगळ्यांसमोर धरला. "वाचा ना तुम्हीच! दोन्ही खांदे बराबर लिहेल हाय का नाही? माह्या कोटात फरक नाही. मले पावण्यायचं अंग पाहू द्या एकडाव." आणि टेप उलगडत तो माझ्याकडं यायला लागला.

मी एक पाऊल मागं सरलो. सगळा मंडप माझ्याकडं बघत होता. तेवढ्यात मी बोलायला पाहिजे होतं. खांदा माझा आहे, दोष माझा आहे, एवढंच. दोन वाक्यं. मी ती लोंबणारी बाही वर ओढत राहिलो.

"त्या पोराले बोलू नका," तिसऱ्या रांगेतून आवाज आला. चाचा उभे राहिले होते. "माप माहं हाय. चुकलं."

"मास्टर, तुमचं माप चुकलं?" कोणीतरी म्हणालं.

"नजर गेली माही. हात बी कापते आता. टेप सरकला असंन." आणि त्यांनी आपला उजवा हात वर करून दाखवला. तो थरथरत होता. तीन वर्षं मी तो हात रोज पाहिला होता, सुईत दोरा ओवताना, बारीक टाके घालताना. तो कधीही कापत नव्हता. चाचा तो मुद्दाम कापवत होते. लोकांनी मोबाइल वर धरले होते.

मग ते पुढं आले. आपल्या कॉलरच्या मागं लावलेल्या टाचण्या काढल्या, माझ्या डाव्या खांद्यावर कापड चिमटीत धरलं, बाही आत दुमडली, चार टाचण्या मारल्या. टेप लावला नाही. कोट असा बसला की मुलीची आई म्हणाली, "आता कसा दिसून राह्यला!" मी चाचांच्या तोंडाकडं बघितलं नाही. अंगठी घातली, पेढा खाल्ला, फोटो काढले. सगळं झालं.

ती क्लिप आमच्याआधी नांदुऱ्याला पोचली होती. मास्टरची नजर गेली, मास्टरचा हात कापतो. ग्रुपवर लोक हसायची चिन्हं टाकत होते. गिऱ्हाइकं यायची आणि म्हणायची, माप दुसऱ्या कोणाला घ्यायला सांगा. आठ दिवसांत शेठनं चाचांना गल्ल्याजवळ बोलावलं आणि फार प्रेमानं म्हणाला, चाचा, आता आराम करा. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. माझं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. मी कपड्यांच्या घड्या घालत राहिलो.

चाचा घरी उशांचे अभ्रे शिवायला लागले. गल्लीतल्या बाया पोरांचे शाळेचे कपडे शिवायला आणायच्या, तर म्हणायचे, "जुना शर्ट ठेवून जा, त्याच्यावरून कापतो." पोराच्या अंगाला टेप लावायचे नाहीत. मी हे ऐकलं तेव्हा मला जेवण गेलं नाही. पण जेवलो, दुसऱ्या दिवसापासून.

आता चाचांना जाऊन दोन वर्षं झाली. मय्यतीला गेलो होतो. माझ्या मागं दोघं बोलत होते. "एके काळी काय माणूस होता. शेवटी शेवटी नजर गेली होती बिचाऱ्याची." मी मागं वळून बघितलं आणि पुन्हा तोंड फिरवलं. तिथंसुद्धा मी बोललो नाही.

पण त्याच्या आधीचं एक सांगायचं राहिलं. ते सांगितल्याशिवाय मला सुटका नाही.

लग्नाला महिना झाला होता. एका रविवारी दुपारी बायको तो कोट ट्रंकेत ठेवत होती. खांद्यावरून हात फिरवत म्हणाली, "मास्टर चुकले म्हणून, नाही तं तुमचा हा खांदा कोणाच्या ध्यानात बी आला नसता."

"हा खांदा म्हणजे?" मी विचारलं.

"डावा. खाली हाय ना तुमचा. तुम्ही पाहाले आले आणि चहाचा कप उचलला तवाच दिसलं मले."

"मंग तू बोलली काऊन नाही?"

"मले कोणी इचारलं?" ती म्हणाली. "आईले सांगतलं होतं मी. बाबा बी म्हणे, हात चालते ना, कामाचा हाय ना, मंग झालं. आणि त्या कागदावर दोन्ही बराबर लिहेल पाह्यलं तं बाबा म्हणे, एवढा मोठा मास्टर, त्याले का खांदा दिसला नसंन? झाकाचा काही हिसाब असंन त्याचा. म्हणून तं टेलरले तसंच शिवाले लावलं."

मी पलंगावर बसलो. त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. मी चाचांना काय करायला लावलं होतं ते तिला सांगायची तेव्हाही मला हिंमत झाली नाही. तिच्या लेखी म्हाताऱ्याचं माप चुकलं होतं, बस. पण चाचांना हे कळलं तर त्यांना हलकं वाटेल, असं मला वाटलं. बघा माझी अक्कल! मी तिला म्हणालो, चल, मास्टरकडं जाऊन येऊ.

चाचा ओट्यावर बसून अभ्रा शिवत होते. बायकोला बघून उठले, डोक्यावर हात ठेवला, पाणी आणलं. मी म्हणालो, "चाचा, हिले काही सांगाचं हाय तुम्हाले." तिनं सगळं सांगितलं, जसं मला सांगितलं तसं, हसत हसत. तिला वाटलं, मास्टरला बरं वाटेल.

चाचांचा हात थांबला होता. सुई कापडात तशीच.

"तुह्या बाबाले बी मालूम होतं?"

"हाव ना."

"आणि माह्या आकड्यावर भरोसा ठेवून तसा शिवला कोट?"

"तुमच्या आकड्यावर कोण भरोसा नाही ठेवत, चाचा?"

चाचांनी तिच्यावरची नजर काढली आणि माझ्याकडं बघितलं. त्यांनी शिवी दिली असती तर मी पाय धरले असते. पण त्यांच्या तोंडावर राग नव्हता. एखादी गोष्ट खरंच समजली नाही आणि समोरच्याला माहीत असेल म्हणून विचारावी, तसं त्यांनी मला विचारलं.

"मंग मी खोटं कायले बोललो बे?"

"खोटं?" बायको म्हणाली, आणि माझ्याकडं वळली.